लाल प्लास्टिकवर हस्तिदंती टप: एका मॉडेल गाडीचं प्रकरण

ज्यांचं हे काम, त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बांधणाऱ्या बाईंना इथे ताई म्हणू, त्यांना सल्ला देणाऱ्या, मॉडेल बनवणाऱ्या जुन्या जाणकारांना काका, आणि ज्यांच्यासाठी गाडी बनत होती त्यांना सर.

पार्श्वभूमी

ताई बरीच वर्षं प्लास्टिकची विमानं करत आल्या आहेत. लढाऊ विमानांचा रंग मॅट असतो. त्यावर तेलाचे ओघळ, एक्झॉस्टची काजळी, उडालेले टवके दाखवायचे असतात. हात थोडा चुकला तरी तो डाग म्हणून खपून जातो. गाडीचं तसं नाही. शोरूममधून नुकतीच बाहेर आलेली दिसावी अशी गाडी करायची, तर चकाकत्या रंगाखाली धुळीचा कणसुद्धा लपत नाही. ताईंनी गाडी याआधी कधीच केली नव्हती.

निमित्त होतं सरांच्या निवृत्तीचं. तरुणपणी सरांनी १९५७ ची शेवरोले बेल एअर जवळून पाहिली होती, खाली निळी आणि वर हस्तिदंती टप. तिच्या आठवणी ते अधूनमधून सांगत. ताईंनी १/२५ प्रमाणाचं किट आणलं: दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे दाराच्या मागच्या कडेला खांब नसलेली. रंगही ठरले. त्या वर्षीच्या शेवरोलेच्या रंगांत लार्कस्पर ब्लू आणि इंडिया आयव्हरी ही जोडी सरांच्या वर्णनाला जुळत होती. हाताशी दोनेक महिने होते.

किट उघडल्यावर बॉडी भडक लाल प्लास्टिकची निघाली. ताईंनी ते पाहिलं, पण त्याचं काही वाटून घेतलं नाही. विमानांचं प्लास्टिक करडं, हिरवं, क्वचित निळंही असतं आणि प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराखाली, सगळं सारखंच होतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव. या प्रकरणाचं मूळ इथेच आहे.

सुरुवातीची तयारी उत्तम झाली होती, हे सांगायला हवं. मडगार्डवरून जाणाऱ्या साच्याच्या रेघा ताईंनी घासून काढल्या आणि खोलगट जागी पुट्टी भरली. दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी सुईसारख्या अवजाराने थोड्या खोल केल्या. हे काम रंगाआधीच करावं लागतं. खऱ्या गाडीत दाराची फट ५ मिलिमीटर धरली, तर १/२५ मध्ये ती ०.२ मिलिमीटर होते आणि रंगाचे चार हात बसले की बुजते. मग करड्या लॅकर प्रायमरचे दोन हात, वॉटर पेपरने हलकी घासणी आणि त्यावर स्प्रे कॅनमधून इंडिया आयव्हरीच्या जवळचा लॅकर रंग.

अडचण

टप संध्याकाळी हस्तिदंती दिसत होता. सकाळी त्यावर गुलाबी झाक होती. सगळीकडे सारखी नव्हती. जिथे घासताना प्रायमर पातळ झाला होता तिथे, आणि टपाच्या कडांना, ती जास्त होती. ताईंना वाटलं रंग पातळ बसला आहे, म्हणून त्यांनी आणखी एक हात मारला. तो ओला असेपर्यंत छान दिसला. दुसऱ्या दिवशी गुलाबी रंग आधीपेक्षा गडद होता.

फोटो पाहून काकांनी एकच प्रश्न विचारला: "अगं, प्लास्टिक कोणत्या रंगाचं आहे?"

खालचा रंग दिसतो आहे की खालचा रंग वर चढतो आहे, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं उलट आहेत. रंग पातळ बसल्यामुळे खालचं दिसत असेल, तर ते फवारल्याबरोबर दिसतं आणि प्रत्येक हाताबरोबर कमी होतं. लाल प्लास्टिकमधला डाय, म्हणजे त्याला रंग देणारं द्रव्य, मात्र लॅकरच्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळतो आणि सॉल्व्हंट वर येऊन उडताना त्याच्याबरोबर थरांमधून वर चढतो. म्हणून तो काही तासांनी दिसतो. दर नव्या हाताबरोबर ताजं सॉल्व्हंट खाली पोचतं आणि आणखी डाय वर आणतं. ताईंनी मारलेल्या जादा हाताने नेमकं हेच झालं होतं. नेहमीचा करडा प्रायमर डोळ्यांना लाल झाकतो, पण तो सच्छिद्र असतो, डायला अडवत नाही. लाल प्लास्टिक या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. पिवळंही त्रास देतं. गडद रंगाखाली हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण पांढरा, हस्तिदंती किंवा फिकट पिवळा रंग द्यायचा म्हटलं की लगेच उघडं पडतं.

समोर असलेले मार्ग

आणखी हात मारणं बाद झालं. कारण वर आलंच आहे.

काकांचा पहिला सल्ला फार सोपा होता: "लाल प्लास्टिक आहे ना? मग गाडी लाल कर." त्यात तथ्य होतं. मॅटाडोर रेड हा १९५७ चा कंपनीचाच रंग आहे, आणि लाल बॉडीवर लाल रंग दिला की डाय चढला तरी बिघडत काय? माझ्या मते गाडी स्वतःच्या कपाटासाठी असती, तर हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा होता. पण सरांची गाडी निळी होती. ताई म्हणाल्या, "लाल गाडी दिली तर ती कोणाची तरी गाडी होईल, त्यांची नाही." तिथे तो विषय संपला.

दुसरा मार्ग म्हणजे आहे त्या रंगावरच चंदेरी लॅकरचा अडसर द्यायचा. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते आडवे, एकमेकांवर कौलांसारखे बसतात आणि डायची वाट अडवतात. काका या मार्गाच्या बाजूचे होते. वेळ वाचला असता आणि बॉडीला धोकाही कमी होता. अडचण होती जाडीची. खऱ्या गाडीवरचा कारखान्यातला रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. मॉडेलवर तेवढाच थर बसला, तर तो खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखा होतो. टपावर आधीच प्रायमरचे दोन आणि रंगाचे तीन हात होते. त्यावर चंदेरी, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग आणि शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकता थर, चढवला की टपाच्या कडेची पावसाळी पन्हळ आणि पुढच्या मडगार्डवरच्या तीन उठावदार व्ही-खुणा गोल-गुळगुळीत झाल्या असत्या.

तिसरा मार्ग सगळा रंग उतरवून नव्याने सुरुवात करण्याचा. चौथा दोन घटकांच्या युरेथेन सीलरचा. तो डायला चांगला अडवतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकते. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि धड बूथ नसेल तर घरात त्याचं नावही काढू नये. ताईंकडे दोन्ही नव्हतं. पांढऱ्या प्लास्टिकमधलं दुसरं किट मिळतं का तेही पाहिलं, पण तारखेआधी मिळण्याची खात्री नव्हती.

निर्णयाआधीची चाचणी

इथे ताईंनी जे केलं, ते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम. किटचे भाग ज्या दांड्यांना जोडलेले असतात, त्या स्प्रूचे तुकडे बॉडीच्याच लाल प्लास्टिकचे होते. त्यातले रुंद, चपटे तुकडे त्यांनी निवडले आणि प्रत्येकावर वेगळी थररचना फवारली. एकावर करडा प्रायमर आणि हस्तिदंती. एकावर थेट चंदेरी आणि वर हस्तिदंती. एकावर चंदेरी, पांढरा प्रायमर आणि हस्तिदंती. एकावर खराब टपासारखी पूर्ण रचना करून वर चंदेरी आणि मग हस्तिदंती. सगळे तुकडे उबदार जागी दोन-तीन दिवस ठेवले, कारण उबेत डाय लवकर चढतो.

पहिला तुकडा अपेक्षेप्रमाणे गुलाबी झाला. चंदेरी थर असलेला एकही तुकडा गुलाबी झाला नाही. थेट चंदेरीवरचा हस्तिदंती मात्र थोडा थंड, राखाडी दिसत होता. मधे पांढरा प्रायमर असलेल्या तुकड्यावरची ऊब बरोबर होती. चौथा तुकडाही स्वच्छ राहिला, म्हणजे काकांचा मार्ग रसायनाच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. पण त्याची कापलेली कड भिंगाखाली धरल्यावर थरांची जाडी सरळ दिसली.

चाचणीतून न मागितलेली एक गोष्टही कळली. ताईंनी तुकड्यांवर मास्किंग टेप लावून ओढून पाहिला. थेट चंदेरीवर रंग असलेल्या तुकड्यावरून टेपबरोबर रंगाचा टवका निघाला. सगळ्या थरांत चंदेरीची पकड सर्वांत कच्ची. दुरंगी गाडीला टेप लावणं टळणार नव्हतं, त्यामुळे चंदेरी अगदी पातळ ठेवायचा, त्यावर प्रायमर द्यायचा आणि टेप लावण्याआधी तो हातावर चिकटवून त्याचा चिकटपणा मारायचा, हे ठरलं.

ताईंनी रंग उतरवण्याचा निर्णय घेतला. काकांना तो पटला नाही. "तू टपाच्या खांबांचा विचार केलास का?" असं त्यांनी विचारलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

प्रत्यक्ष काम

रंग काढायला ब्रेक ऑइलपासून कॉस्टिक असलेल्या ओव्हन क्लीनरपर्यंत बरंच काही वापरतात. अ‍ॅसिटोन मात्र नाही, तो किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीनच, विरघळवतो. ताईंनी तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल निवडला. तो या प्लास्टिकला धक्का लावत नाही. पेट घेणारा असल्याने झाकणाचा डबा, उघडी खिडकी, हातमोजे आणि आसपास ज्योत नाही, एवढी काळजी घेतली. रात्रभर बुडवल्यावर हस्तिदंती रंग पापुद्र्यांनी सुटला. प्रायमर चिवट निघाला. जुन्या टूथब्रशने, फटींत दातकोरणीने, पुन्हा बुडवून, पुन्हा घासून तो काढावा लागला. मडगार्डवरची पुट्टीही मऊ पडून निघून आली. ती जागा नंतर सुपरग्लूने भरून घासली.

आणि घासताना पुढच्या काचेचा डावा खांब तडकला. या हार्डटॉपला मधला खांब नाही, त्यामुळे सगळा टप पुढच्या दोन काडीएवढ्या खांबांवर आणि मागच्या भागावर तोललेला असतो. दाब पडला की पहिले तेच जातात. प्लास्टिक जोडायच्या पातळ सिमेंटने सांधा जोडला आणि आतून स्टायरीनची बारीक पट्टी लावली. काचेच्या चौकटीमागे ती दिसत नाही. रंग उतरवण्याआधी टपाखाली स्प्रूचा तात्पुरता टेकू चिकटवला असता, तर हे टळलं असतं.

बॉडी भिजत होती तोवर इंजिन आणि चॅसीचं काम उरकलं. २८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन केशरी रंगवलं. आतलं जमलं.

नवी रचना चाचणीतल्या तिसऱ्या तुकड्याप्रमाणे झाली. चंदेरीचे दोन धुरकट हात बॉडीच्या आतूनही दिले. मग पांढरा प्रायमर आणि आधी हस्तिदंती, कारण फिकट रंगावर गडद झाकणं सोपं. रंग पक्का झाल्यावर टप टेपने झाकून खाली निळा फवारला. दोन रंगांचा सांधा बहुतेक जागी क्रोमच्या पट्टीखाली जात असल्याने टेपची रेघ केसभर हलली तरी चालणार होतं.

पुढच्या मडगार्डवरच्या त्या तीन व्ही-खुणा बेल एअरवर सोनेरी असतात. खुणेची कड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, ब्रशने रंगवायला गेलं की रंग खाली ओघळतो. ताईंनी पांढऱ्या प्रायमरनंतर, रंगाआधीच, त्या खुणांवर मागे चिकट असलेलं अतिपातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल बसवलं. कापसाच्या काडीने दाबून ते उठावावर घट्ट बसवलं, नव्या ब्लेडने भोवतीचं कापून काढलं आणि वरून खुशाल निळा फवारला. रंग कोरडा होताच थिनरने किंचित ओली, टोकाला सपाट केलेली दातकोरणी नुसती खुणेच्या माथ्यावरून फिरवली. निळा रंग निघून धातू उघडा पडला, बाजूंना रंग तसाच राहिला. त्यावर पारदर्शक पिवळ्याचा थेंब सोडला की झालं सोनं. पहिल्या वेळी ताई या खुणा ब्रशने रंगवणार होत्या. रंग उतरवावा लागला नसता, तर ही युक्ती करायला जागाच राहिली नसती.

क्लिअर दिल्यावर त्याला मुरायला वेळ हवा असतो. वास येत असेल तर सॉल्व्हंट अजून बाहेर पडतो आहे. अशा वेळी पॉलिश केलं तर चकाकी नंतर खाली बसते. निवृत्तीचा दिवस नेमका त्याच आठवड्यात येऊन ठेपला. काका म्हणाले, "वरवर पॉलिश मार आणि देऊन टाक, पाच फुटांवरून कोणाला कळतंय?" ताईंनी समारंभात चॅसी, इंजिन आणि आतली सीटं बसवलेली, बॉडी नसलेली गाडी सरांना दाखवली आणि बाकीची नंतर देते म्हणून सांगितलं. सरांना तेच जास्त आवडल्याचं म्हणतात. इंजिनाकडे ते बराच वेळ पाहत राहिले होते.

पॉलिश सावकाश झालं, घासणीच्या बारीक कापडांच्या चढत्या ग्रिटने, म्हणजे दर वेळी अधिक बारीक, शेवटी पातळ पॉलिशने. कडांना हात लावायचा नाही हा नियम असूनही उजव्या हेडलाइटवरच्या उंचवट्यावर रंग घासला जाऊन खालचा थर दिसला. तिथे निळ्याचा थेंब टाकून भागवलं. मग मागच्या बाजूची पाचरीसारखी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि काचांच्या कडा फॉइलने मढवल्या. हे फॉइल पॉलिशनंतरच लावायचं, नाहीतर पॉलिश त्याच्या कडा उचकटतं.

निष्पत्ती

गाडी ठरलेल्या दिवसापेक्षा काही आठवडे उशिरा सरांकडे गेली. टप हस्तिदंतीच राहिला. काही महिन्यांनी ताईंनी ती पुन्हा हातात घेऊन पाहिली, तेव्हा उजव्या बाजूच्या पावसाळी पन्हळीच्या तळाशी, बोटभर लांबीत, फिकट गुलाबी रेघ दिसली. तिथे चंदेरी नीट पोचला नव्हता. कोणी दाखवल्याशिवाय ती दिसत नाही, आणि ताईंनी ती दुरुस्त केलेली नाही.

काकांच्या आग्रहाने गाडी काचेच्या तळावर ठेवली आहे. किटच्या मऊ व्हिनाइल टायरांमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य, पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं आणि वर्षांनुवर्षं टेकून राहिल्यास तळाला खड्डे पाडतं. चाकांच्या कडांनाही तोच धोका होता, म्हणून रिमवर टायर चढवण्याआधी आतून रंग दिला होता.

वेगळं काय करता आलं असतं

किटचा डबा उघडला त्याच दिवशी प्लास्टिकचा रंग आणि ठरवलेला रंग शेजारी ठेवून पाहायला हवे होते. स्प्रूवरची चाचणी तेव्हाच झाली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. ही चूक नवशिक्याची नव्हती. ज्याने करड्या प्लास्टिकवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्याच्याकडून ती होणंच जास्त शक्य आहे, कारण त्याच्या हाताने प्रायमरवर विश्वास ठेवायला शिकलेलं असतं.

गुलाबी झाक दिसल्यावर मारलेला तो जादा हात सर्वांत महाग पडला. त्याआधी थांबून, टपाचा एक कोपरा तसाच ठेवून फक्त दुसऱ्या कोपऱ्यावर फवारून रात्रभर वाट पाहिली असती, तर कारण लगेच कळलं असतं, आणि टपावर थर इतके कमी असते की काकांचा चंदेरीचा मार्ग सरळ चालून गेला असता.

रंग उतरवणं गरजेचं होतं की नाही, यावर ताई आणि काका यांचं आजही जमत नाही. काका खांबाकडे बोट दाखवतात, ताई व्ही-खुणांकडे. मला विचाराल तर चौथ्या तुकड्याची ती कापलेली कड पाहिल्यानंतर मी ताईंच्या बाजूचा आहे. पण एका अटीवर: बॉडी डब्यात जाण्याआधी टपाखाली टेकू हवा.